सेपियाचा उलटा इतिहास

मोबाइलमधले छायाचित्र ‘जुने’ करायला आज एक सेकंदही लागत नाही. बोट टेकवताच रंग निघून जातात, चित्रभर तपकिरी छटा पसरते, कोपरे काळवंडतात, आणि गेल्या रविवारच्या सहलीचे दृश्य पणजोबांच्या काळातले वाटू लागते. या छटेचे नाव सेपिया. समुद्रातल्या माकुळाच्या एका जातीचे हे शास्त्रीय नाव आहे. तिच्या पिशवीतल्या तपकिरी शाईने युरोपातले चित्रकार रेखाटने करीत, आणि पुढे ते नाव छायाचित्रांच्या रंगाला चिकटले.

करमणूक म्हणून यात वावगे काहीच नाही. पण हीच छटा एखाद्या चित्राला पुरावा म्हणून उभे करते, तेव्हा प्रश्न निर्माण होतो. स्वातंत्र्यदिन जवळ आला, एखाद्या थोर व्यक्तीची जयंती आली किंवा एखाद्या वास्तूवरून वाद पेटला, की तपकिरी चित्रे देशभर फिरू लागतात. ती कोणी, कोठे, केव्हा टिपली हे फारसे कोणी विचारत नाही. रंगच तारखेचे काम करतो. म्हणून या रंगाची जन्मकथा पाहणे अगत्याचे आहे. ती विलक्षण उलटी आहे. आज ज्या छटेला आपण म्हातारपणाची खूण समजतो, ती विसाव्या शतकात छायाचित्र म्हातारे होऊ नये म्हणून दिली जात असे.

या कथेचा आरंभ १८१९ मध्ये होतो. त्या वर्षी इंग्लंडमध्ये जॉन हर्शेल या शास्त्रज्ञाला आढळले, की ज्या क्षाराला आज आपण सोडियम थायोसल्फेट म्हणतो, त्याच्या द्रावणात चांदीचे क्षार विरघळतात. तेव्हा छायाचित्रणाची कला जन्मलीच नव्हती, त्यामुळे या शोधाचा उपयोग काय हे कोणाला कळण्याचे कारण नव्हते. वीस वर्षांनी विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट याने चांदीचा क्षार लावलेल्या कागदावर उन्हाने चित्र उमटवण्याची रीत जाहीर केली. पण ज्या उन्हाने चित्र काढले, तेच ऊन पुढे ते काळेही करून टाकी, कारण प्रकाश न लागलेला क्षार कागदात तसाच राहत असे. तो धुऊन काढणारे द्रव्य हर्शेलने सुचवले. छायाचित्रकारांच्या बोलीत त्याला ‘हायपो’ म्हणतात, आणि काळोख्या खोलीत रोल धुणाऱ्या भारतातल्या कितीतरी पिढ्यांनी हाच शब्द वापरला.

हायपोने चित्र टिकवले आणि त्यानेच ते मारलेही. त्याच्या रेणूत गंधक असते. कागद पुरेसा धुतला नाही, तर तंतूंत अडकलेला हायपो हळूहळू विघटन पावतो आणि सुटलेले गंधक चांदीवर बसते. काळ्या-जांभळ्या छायांच्या जागी फिकट पिवळा डाग उरतो. टॅल्बटच्या शोधाला पंधरा वर्षे होतात न होतात, तोच अशा पिवळ्या पडलेल्या चित्रांनी संग्रह भरू लागले. ही नामुष्की एवढी मोठी होती, की लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीने १८५५ मध्ये या प्रश्नासाठी स्वतंत्र समितीच नेमली. राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांनी तिच्या खर्चासाठी पन्नास पौंड दिले. क्रिमियाच्या युद्धभूमीवरील छायाचित्रांसाठी प्रसिद्ध असलेला रॉजर फेंटन तिच्या सभासदांत होता. समितीने न फिकटलेली जुनी चित्रे गोळा केली, ती कशी धुतली होती याची चौकशी केली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस निष्कर्ष मांडले: कागदात राहिलेला हायपो हे मुख्य कारण, त्याला हातभार दमट हवेचा, शहरी हवेतल्या गंधकयुक्त वायूंचा आणि चित्र चिकटवण्याच्या खळीचा. उपाय म्हणजे भरपूर पाणी आणि सोन्याच्या क्षाराचे स्नान.

भारतातल्या छायाचित्रकारांना हा अहवाल किती जिव्हाळ्याचा वाटला असेल, हे वेगळे सांगायला नको. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती आणि तिच्यात डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही होते. कलकत्ता आणि मद्रास येथील संस्था १८५६ मधल्या. या तिन्ही बंदरांत हवेत बारा महिने ओल. उष्णतेत आणि ओलाव्यात रासायनिक विघटन वेगाने होते, हा नियम इंग्लंडमध्ये पुस्तकातला होता. इथे तो कपाटातल्या प्रत्येक चित्रावर दिसत असे. उलट उत्तरेकडच्या उन्हाळ्यात अडचण दुसरीच, चित्र दहा वेळा धुवायला स्वच्छ पाणी कोठून आणायचे? आज एखाद्या जुन्या वाड्यात सापडलेले छायाचित्र पिवळे दिसते, तेव्हा त्या पिवळेपणात काळाचा वाटा असतो तसा कोण्या एका दुपारी कमी पडलेल्या पाण्याचाही असतो.

आता मुख्य कोडे. चांदी आणि गंधक मिळून बनते ते सिल्व्हर सल्फाइड. चांदीच्या पैंजणांवर किंवा देवघरातल्या निरांजनावर चढणारी काळी पुटे ती हीच. फिकटलेल्या चित्रातला पिवळा डाग सिल्व्हर सल्फाइडचा, आणि सेपिया दिलेल्या चित्रातला गडद तपकिरी रंगही सिल्व्हर सल्फाइडचाच. एकच पदार्थ एकीकडे रोग आणि दुसरीकडे औषध कसा ठरतो?

उत्तर कणांच्या आकारात आहे. एकोणिसाव्या शतकातली बहुतेक चित्रे उन्हात ठेवून थेट कागदावर उमटवलेली असत. अशा वेळी तयार होणारे चांदीचे कण अत्यंत बारीक, काही दशक नॅनोमीटर व्यासाचे असतात. एवढे लहान कण आरशासारखे चकाकत नाहीत. त्यांच्यातले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या ठरावीक तरंगलांबीशी ताल धरून डोलतात आणि तेवढाच प्रकाश शोषून घेतात. चांदीचा अगदी लहान गोल कण जांभळा-निळा प्रकाश गिळतो आणि म्हणून पिवळा दिसतो. कण वाढले किंवा एकमेकांजवळ आले, की शोषण लांब तरंगलांबीकडे सरकते आणि रंग तांबूस, तपकिरी होत जातो. धातूचा रंग कणाच्या आकारावर अवलंबून असतो, हे मायकेल फॅरेडेने सोन्याच्या माणकासारख्या लाल द्रावणावर प्रयोग करून १८५७ मध्ये मांडले, म्हणजे फिकटण्याच्या चौकशीनंतर अवघ्या दोन वर्षांनी. त्याचे गणित गुस्ताव मी याने १९०८ मध्ये पूर्ण केले. थोडक्यात, विक्टोरियाकालीन छायाचित्र तपकिरी असे ते जुने झाल्यामुळे नव्हे; ज्या दिवशी ते उन्हातून उचलले, त्या दिवशीही त्यात काळा रंग नव्हताच. आज ज्याला नॅनोविज्ञान म्हणतात, त्याचे नमुने त्या काळी लोक अल्बममध्ये चिकटवीत होते.

बारीक कणांचे पृष्ठफळ त्यांच्या वस्तुमानाच्या मानाने फार मोठे असते, म्हणून गंधक त्यांना सहज गिळते. आधीच विरळ असलेल्या उजळ भागांत सल्फाइडचे इतके थोडे कण उरतात, की डोळ्याला फक्त पिवळी झाक जाणवते. सोन्याचे स्नान इथे उपयोगी पडे. सोने चांदीला हटवून तिची जागा घेते, आणि त्याला गंधकाची बाधा होत नाही. चित्राचा रंगही जांभळट, डौलदार होई. त्यात अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेला कागद १८५० नंतर सर्वत्र रूढ झाला. तो थर स्वतःच कालांतराने पिवळा पडतो, कारण त्यातली प्रथिने आणि शर्करा यांची आपसात अभिक्रिया होते; भाकरी भाजताना तिच्यावर तांबूस रंग चढतो तो याच जातीच्या अभिक्रियेने. म्हणजे जुन्या चित्राच्या ‘पिवळ्या’ रंगात किमान दोन स्वतंत्र पिवळे मिसळलेले असतात, एक चांदीतला आणि एक अंड्यातला.

पुढे जिलेटिनचा कागद आला. त्यावरचे चित्र रसायनात विकसित होते आणि चांदी गुंतलेल्या तंतूंच्या पुंजक्यांच्या रूपात वाढते. असे पुंजके सगळेच रंग शोषतात, म्हणून चित्र खरोखर काळे-पांढरे दिसते. ज्याला आपण जुन्या चित्रांचा रंग म्हणून तपकिरीपासून वेगळे काढतो, तो कृष्णधवल रंग वास्तविक त्यानंतरचा. आणि गंमत अशी, की काळ्या-पांढऱ्याची सोय झाल्यावरच विसाव्या शतकाच्या आरंभी स्टुडिओंतून सेपियाची कृती लोकप्रिय झाली. धुतलेले चित्र पोटॅशियम फेरिसायनाइड आणि पोटॅशियम ब्रोमाइड यांच्या द्रावणात बुडवायचे. चेहरा, कपडे, खुर्ची, सारे डोळ्यांदेखत विरत जाते आणि कागदावर फिकट आभास तेवढा राहतो. चांदीचे सिल्व्हर ब्रोमाइड झालेले असते. मग धुऊन सोडियम सल्फाइडच्या द्रावणात टाकायचे. कुजक्या अंड्यांचा दर्प खोलीभर पसरतो आणि काही क्षणांत तेच चित्र उबदार तपकिरी होऊन परत येते. ज्यांनी हे केले आहे, ते तो वास विसरत नाहीत.

हे करण्यामागे सौंदर्यदृष्टी होती तशी दूरदृष्टीही होती. पुंजक्यांतली सगळी चांदी एकदाच आणि पूर्णपणे सल्फाइड झाली, की हवेतल्या गंधकाला किंवा ऑक्सिडीकारक वायूंना करण्यासारखे फारसे काही उरत नाही. जे अर्धवट आणि अपघाताने झाले तर चित्र मरते, ते पूर्ण आणि हेतुपुरस्सर केले तर चित्र तगते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ग्रंथालयांतल्या सूक्ष्मपटांवरची चांदी वाचवण्यासाठीही तज्ज्ञांनी याच सल्फाइडचा आधार घेतला.

संगणकातला सेपिया यातले काहीच जाणत नाही. तो एक लहानसा गुणाकार आहे. प्रत्येक बिंदूच्या लाल, हिरव्या आणि निळ्या मूल्यांपासून नवी मूल्ये काढायची. नव्या लालासाठी जुन्या लालाचे ०.३९३, हिरव्याचे ०.७६९ आणि निळ्याचे ०.१८९ पट यांची बेरीज. नव्या हिरव्यासाठी ०.३४९, ०.६८६ आणि ०.१६८, नव्या निळ्यासाठी ०.२७२, ०.५३४ आणि ०.१३१. वेबपानांच्या प्रमाणकातही सेपियासाठी हेच अंक आहेत. विद्यार्थ्यांनी एकदा कागदावर गणित करून पाहावे. शुद्ध पांढऱ्यासाठी तिन्ही मूल्ये २५५ घेतली, तर नवे लाल सुमारे ३४५ आणि नवे हिरवे सुमारे ३०७ येते; कमाल मर्यादा २५५ असल्याने दोन्ही तेथेच कापली जातात. निळे मात्र २३९ वर थांबते. परिणामी पांढरा कागद दुधाळ पिवळा होतो. खऱ्या सेपियात असे घडूच शकत नाही, कारण रसायन फक्त चांदीवर काम करते. जिथे चांदी नाही तिथला कागद पांढराच राहतो. संगणकाने सेपियाचे औषध आणि हायपोचा रोग एकाच पुडीत बांधून दिले आहेत.

याहून मोठी विसंगती त्या अंकांत दडलेली आहे. प्रत्येक बेरजेत हिरव्याचा वाटा सुमारे ५७ टक्के आणि निळ्याचा जेमतेम १४ टक्के आहे. मानवी डोळ्याला हिरवा उजळ आणि निळा मंद भासतो, त्याला धरूनच हे प्रमाण ठरले आहे. पण एकोणिसाव्या शतकातल्या काचपट्टिकेचा डोळा माणसाचा नव्हता. तिच्यावरचे चांदीचे क्षार जवळजवळ फक्त निळ्या, जांभळ्या आणि अतिनील प्रकाशाने बदलत. लाल प्रकाश त्यांना दिसतच नसे. म्हणूनच काळोख्या खोलीत लाल दिवा चालतो. जर्मन रसायनज्ञ हेर्मान फोगेल याने १८७३ मध्ये पट्टिकेत विशिष्ट रंगद्रव्य मिसळून तिला हिरव्याची जाणीव दिली, आणि सर्व रंग पाहू शकणाऱ्या पट्टिका बाजारात यायला १९०६ उजाडले.

याचा अर्थ असा, की १८६० च्या सुमारास टिपलेल्या भारतीय दृश्यात निळे आकाश कोरे पांढरे येई, झेंडूची माळ काळपट, हळद मळकट आणि कुंकू तर कोळशासारखे. भगवे निशाण काळसर आणि निळे लुगडे फिके. उष्ण छटेची त्वचा असे त्याहून गडद उमटे. शेवटची गोष्ट साधी नव्हे. जॉन फोर्ब्स वॉटसन आणि जॉन विल्यम के यांनी १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा ग्रंथ काढला, त्यात भारतातल्या जातीजमातींचे नमुने म्हणून छायाचित्रे लावली होती. माणसांचे वर्गीकरण करणाऱ्यांच्या हाती जे चेहरे पडले, ते लाल रंगाला आंधळ्या असलेल्या पट्टिकेने पाहिलेले होते. आजच्या फिल्टरला खरोखर त्या काळात जायचे असेल, तर त्याने हिरवा आणि लाल टाकून केवळ निळा घ्यायला हवा. तसे चित्र मात्र कोणाला आवडणार नाही. नववधूच्या कपाळावर काळा ठिपका दिसेल आणि शालू शोकवस्त्र वाटेल.

काळवंडलेल्या कोपऱ्यांचेही असेच. भिंगाच्या कडेने येणारा प्रकाश कमी पडतो म्हणून जुन्या चित्रांत कोपरे अंधारे येत. तो दोष भिंगाचा, वयाचा नाही. वय कडांना उजळवते. हवा आणि ओल कागदाच्या कडेने आत शिरते, म्हणून चित्र आधी कडेला आणि उजळ भागात फिके होते. खळीचे फटकारे कुठे कुठे पिवळ्या पट्ट्यांच्या रूपात वर येतात. जिलेटिनच्या चित्रात गडद भागांच्या कडेला निळसर धातूची चकाकी चढते. असे म्हातारपण कधीच एकसारखे नसते. सगळीकडे समान पसरलेली तपकिरी छटा दिसली, तर जाणकार तिथेच सावध होतो.

अर्थात हातचलाखी केवळ आजचीच आहे, असे समजणे भाबडेपणाचे होईल. लिनियस ट्राइप या सैनिकी अधिकाऱ्याने १८५० च्या दशकात ब्रह्मदेश आणि मद्रास इलाखा टिपला. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या जोत्यावरचे शिलालेख त्याने एकवीस चित्रे जोडून एका लांब पट्टीत बसवले. इतका काटेकोर माणूस. पण पट्टिकेसारखाच त्याचा कागदही निळ्याने भरून जाई आणि आकाश रिकामे येई, म्हणून तो निगेटिव्हवर रंगाने ढग काढीत असे. ढग खोटे, शिलालेख खरे.

लखनौचे उदाहरण याहून गंभीर आहे. फेलिचे बेआतो १८५८ च्या फेब्रुवारीत कलकत्त्यास उतरला आणि त्या वसंतात लखनौस पोहोचला. सिकंदर बागेतली कत्तल १६ नोव्हेंबर १८५७ ची. सुमारे दोन हजार बंडवाले तिथे मारले गेले होते. बेआतोच्या प्रसिद्ध चित्रात पडक्या इमारतीसमोर काही माणसे आणि एक घोडा आहेत, आणि पुढच्या मातीवर मानवी हाडे विखुरलेली आहेत. चित्राच्या मथळ्यात नोव्हेंबर १८५७ मधल्या हल्ल्याचा आणि कत्तलीचा उल्लेख आहे. पण चित्र कित्येक महिन्यांनंतरचे. छायाचित्रासाठी हाडे उघड्यावर आणली गेली, असे त्या काळच्या एका ब्रिटिश अधिकाऱ्याच्या आठवणींत आले आहे. इथे ना रसायन बदलले ना रंग. तरीही छायाचित्र मागच्या तारखेचे झाले. मेलेल्या माणसांना दुसऱ्यांदा कामाला लावून ते साधले गेले. चित्राला जुने करण्याच्या भारतातल्या उद्योगात याहून निर्घृण उदाहरण सापडणे कठीण.

फोनवरच्या दुसऱ्या एका आवडत्या फिल्टरचा उल्लेख ओझरता करायला हवा. १९७० च्या दशकातल्या रंगीत चित्रांसारखी लालसर, धुरकट छटा त्यात असते. रंगीत कागदात चांदी उरत नाही, तीन रंगद्रव्ये उरतात, आणि त्या काळच्या अनेक कागदांत अंधारातही निळसर-हिरवे द्रव्य आधी मरत असे. उरलेली दोन लाल दिसत. इन्स्टाग्राम ऑक्टोबर २०१० मध्ये आले, तेव्हा अशा छटांचे फिल्टर त्याच्यासोबतच होते. लोकांनी लग्नाच्या अल्बममधल्या बिघाडाला आठवणीचा रंग म्हणून स्वीकारले.

लाला दीनदयाळ यांच्या अडीच हजारांहून अधिक काच-निगेटिव्ह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. मेरठजवळच्या सरधन्यात १८४४ मध्ये जन्मलेला, रुरकीला अभियांत्रिकी शिकलेला आणि इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरी करता करता कॅमेऱ्याकडे वळलेला हा माणूस पुढे निजामाचा दरबारी छायाचित्रकार झाला. त्याच्या काचांनाही आजार जडतात. जिलेटिन सुटते, बुरशी येते, कडांना चकाकी चढते. पण अंड्याचा थर त्यांवर नाही आणि उन्हात उमटलेली बारीक चांदीही नाही. अशी एखादी काच प्रकाशपेटीवर ठेवून तिची प्रतिमा उलटवली, तर समोर येते ते स्वच्छ काळे-पांढरे चित्र: पागोट्याची घडीन् घडी, हत्तीच्या झुलीवरची वीण, मागे एकही ढग नसलेले कोरे आकाश. तपकिरी रंगाचा त्यात मागमूस नसतो. तो नंतर चढतो, बहुधा ते चित्र पुढे पाठवणाऱ्या कोणाच्या तरी फोनवर.